गोणीभर अवरे आणि एक लाल रेघ

सोललेल्या अवऱ्यांवर माझा विश्वास नाही. माझी लेक व्हाइटफील्डला राहते. तिच्या इमारतीखालच्या दुकानात डिसेंबर लागला की हे दाणे पिशवीत बंद होऊन येतात. परवा तिने अशी एक पिशवी माझ्यापुढे ठेवली. मी ती उलटीपालटी करून पाहिली. कोणी सोलले, कधी सोलले, फुगावेत म्हणून किती वेळ पाण्यात बुडवून ठेवले, काहीच कळायला मार्ग नाही. लेक म्हणाली, "आई, एवढेएवढे दाणे ते. त्यांच्यावरही पाळत ठेवणार का तू?" मी पिशवी फोडून नाकाशी नेली. वास नव्हता. माझा संशय खरा ठरला, आणि संशय खरा ठरल्यावर होतो तो लहानसा आनंद मला झाला. हा आनंद वाईट असतो, हे मला फार वर्षांपासून माहीत आहे.

अवरे म्हणजे पावट्याच्या जातीचीच शेंग. पण बेंगळूरच्या माणसाला थंडी पडल्याचं कळतं ते तिच्यावरून. मागडीकडून गोण्या उतरतात, मार्केटच्या तोंडाशी हिरवे ढीग लागतात, आणि पुढचे दोन महिने उपिटात अवरे, सांबारात अवरे, रोट्टीतही अवरे. दंव पिऊन आलेल्या शेंगेला एक उग्र, तेलकट वास असतो. बोटांना लागला की साबणालाही दाद देत नाही. त्याला कन्नडात सोगडू म्हणतात. आमच्या घरच्या मराठीत त्याला शब्द नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदारामागून आमचं घराणं इकडे आलं म्हणतात. वाटेत बरेच मराठी शब्द सांडले आणि त्यांच्या जागी कन्नड येऊन बसले, त्यांतलाच हा एक.

हा वास आला की इतरांना आईचं स्वयंपाकघर आठवत असेल. मला आठवते एक पिवळी मोटार. दोनच सीटांची, बिनछपराची. आणि तिच्या ड्रायव्हरच्या सीटला येणारा सोगडू.

नव्वदीच्या मधली ती वर्षं. आम्ही चामराजपेटेत राहायचो. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. अण्णा, माझा थोरला भाऊ, एका सरकारी कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा. त्याच कारखान्याच्या टूलरूममध्ये आप्पांनी, आमच्या वडिलांनी, तीस वर्षं काढली होती आणि निवृत्त होता होता मुलाला त्याच फाटकातून आत लावून दिलं होतं. त्या काळच्या बेंगळुरात याहून मोठं सुख लोकांना ठाऊक नव्हतं. सकाळी कोपऱ्यावर कारखान्याची बस, दुपारी कँटीनचं जेवण, म्हातारपणी पेन्शन. अण्णाला यातलं काहीच नको होतं. त्याला गाडी पळवायची होती.

संशय हा आमच्या घरचा कुळाचार. आप्पांचा जन्मच मोजण्यात गेला होता. कापडवाल्याने मोजून दिलेलं कापड ते घरी आणून पुन्हा स्वतःच्या पट्टीने मोजत. दुधाच्या पातेल्याला आतून त्यांनी ओरखडा मारून ठेवला होता. टूलरूममध्ये एक रीत असते. नट हवा तेवढा आवळून झाला की नटावरून खालच्या धातूपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. पुढे कोणी तो नट केसभर जरी फिरवला तरी रेघ मोडते. आप्पा तिला साक्षीची रेघ म्हणत. आमच्या गॅसच्या रेग्युलेटरवर ती होती, पाण्याच्या मीटरवर होती. एका उन्हाळ्यात लोणच्याच्या बरणीच्या झाकणावरही होती आणि तिच्यामुळेच मी पकडली गेले होते. "रेघ कुणाची बाजू घेत नाही बघ सुमी," आप्पा तेव्हा म्हणाले होते. "ती फक्त सांगते." अण्णाने हा वारसा काही घेतला नाही. तो सगळाच्या सगळा माझ्याकडे आला. घरात मला सीआयडी म्हणत आणि मला त्याचा राग येत नसे.

गाडी म्हणजे एका हौशी माणसाने शेडमध्ये अर्धवट बनवून सोडून दिलेलं प्रकरण. अंग फायबरचं, इंजिन छोट्या मारुतीचं. अण्णाने ती तशीच उचलून आमच्या घराशेजारच्या शेडमध्ये आणली आणि दीड वर्ष खपून उभी केली. फारच उभी राहिली, हीच पंचाईत. चाक आणि त्यावरची कमान यांच्यात चार बोटं मोकळी. म्हणायची स्पोर्ट्स कार, आणि दिसायची चिखलातून साडी वर धरून चाललेल्या बाईसारखी, असं आई म्हणायची. अण्णाला चार बोटांची दोन बोटं करायची होती. गाडी खाली बसली की वळणावर कलत नाही, जमीन सोडत नाही. फेब्रुवारीत शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर शर्यत होती. टायरांचा एक बडा व्यापारी आपल्या संघासाठी तिथे ड्रायव्हर बघायला येणार होता. त्याने अण्णाला निवडलं तर अण्णा कारखान्याचा राजीनामा देणार होता. हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि आप्पांना कोणी सांगितलं नव्हतं म्हणजे त्यांनाही नक्की माहीत होतं.

गाडी खाली आणायला वाटा दोन. एक म्हणजे आखूड, कडक स्प्रिंगा. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत एक माणूस नमुना बघून तशा वळून द्यायचा. एकदा बसवल्या की त्या जी उंची देतील ती आपली, पुन्हा बदल नाही. दुसरी वाट कॉइलओव्हरची. त्यात स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकाच नळीवर एकत्र असतात. नळीला बाहेरून आटे पाडलेले असतात, आट्यांवर एक कडं असतं आणि स्प्रिंग त्या कड्यावर बसते. कडं वर फिरवलं की गाडीचा तो कोपरा वर येतो, खाली फिरवलं की खाली जातो. चार चाकांना चार कडी, प्रत्येकाची उंची वेगळी लावता येते. तेव्हा ही वस्तू बेंगळुरात मिळत नसे. जे. सी. रोडच्या स्पेअरपार्टच्या दुकानांत नुसतं नाव काढलं तरी दुकानदार आपल्यालाच प्रश्न विचारत बसत.

त्या महिन्यात सल्ला देणाऱ्या प्रत्येकाचा मी मनातल्या मनात पंचनामा केला. लेस्ली म्हणायचा, स्प्रिंगाच घाल. लेस्ली म्हणजे अण्णाचा मेकॅनिक आणि गुरू, कॉक्स टाउनचा अँग्लो-इंडियन, पन्नाशीचा, खिशात कायम एक स्वच्छ फडकं ठेवणारा. पण पीण्याच्या त्या स्प्रिंगवाल्याशी त्याची जुनी ओळख होती. अण्णाचा कारखान्यातला मित्र म्हणायचा, कॉइलओव्हरच घे. पण सिंगापूरहून वापरलेला संच आणणारा त्याचाच आत्येभाऊ होता. आप्पा म्हणायचे, आहे तशी राहू दे. पण गाडी आहे तशी राहिली असती तर नोकरीही आहे तशी राहिली असती. तिघांचंही बोलणं बरोबर होतं आणि तिघांनाही त्यात काहीतरी हवं होतं. अजूनही कुणी सल्ला दिला की मी आधी देणाऱ्याचे हात बघते.

एका रविवारी लेस्ली आमच्याकडे नाश्त्याला होता. ताटलीत अवऱ्याचं उपीट, वर खोबरं.

"साध्या स्प्रिंगा घाल, मॅन," तो अण्णाला म्हणाला. "बसवायच्या आणि विसरून जायचं. ते कॉइलओव्हर म्हणजे आज इकडे फिरव, उद्या तिकडे फिरव. सुम्मने टेन्शन याके? उगाच डोक्याला ताप."

"आणि स्प्रिंगा चुकून जास्त आखूड आल्या तर?" अण्णा म्हणाला. "परत पीण्याला खेपा घालत बसू? हे मला पाहिजे तसं लावता येतं की."

आप्पांनी ताटलीतून मान वर केली नाही. "जे तुला फिरवता येतं, ते दुसऱ्यालाही फिरवता येतं."

"आपल्या शेडमध्ये येऊन कोण फिरवणार आहे आप्पा?"

"कोण फिरवणार म्हणून मी कुठं म्हणालो. स्वल्प लक्ष ठेव म्हणालो."

"सरी, ठेवतो लक्ष," अण्णा म्हणाला आणि हसला. लेस्लीही हसला. मी हसले नाही. आप्पांचं ते वाक्य माझ्यासाठीच होतं अशा खात्रीने मी ते उचललं आणि जपून ठेवलं.

कॉइलओव्हर आले ते जुन्या टॉवेलात गुंडाळून. निळ्या स्प्रिंगा, चंदेरी नळ्या, आट्यांत कुठल्यातरी परक्या रस्त्याची माती. कडी फिरवायला सोबत एक पाना होता, पुढे वाकडी आकडी असलेला. ती कड्याच्या खाचेत अडकवायची आणि ओढायचं. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, एक नळी उचलली, नख आट्यांवरून फिरवलं आणि परत ठेवली. लेस्लीने दोन दिवस खपून चारही बसवले. गाडी खाली आली. चार बोटांची दोन बोटं झाली. ती दोन बोटं अण्णाची की लेस्लीची, यावरही थोडा वाद झाला, कारण लेस्लीची बोटं केळ्यांएवढी होती. अण्णा गाडीभोवती फेऱ्या मारत होता. त्याचा चेहरा मी तसा त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि नंतरही.

दुसऱ्या दिवशी मी माझी लाल नेलपॉलिश घेऊन शेडमध्ये गेले. स्टिअरिंग पूर्ण फिरवून ठेवलं की पुढच्या चाकामागे हात जातो. मी पुढच्या दोन्ही कड्यांवरून नळीपर्यंत एकेक बारीक लाल रेघ ओढली. मागच्या चाकांपाशी हात पोचेना, म्हणून ती सोडून दिली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलेली पाळत ही पाळतच नव्हे, असं माझं तेव्हा मत होतं.

त्याच आठवड्यात आप्पांनी मार्केटातून अवऱ्याच्या दोन गोण्या आणल्या. रिक्षात घालून, रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडत. आई दारात उभी राहून बघतच राहिली.

"घरात लग्न काढलंय का काय?"

"बऱ्या दिसल्या. घेतल्या."

आप्पांनी उभ्या आयुष्यात एखादी वस्तू बरी दिसली म्हणून घेतली नव्हती. मी याची मनात नोंद केली. पण अवऱ्याच्या दिवसांत बेंगळुरातल्या घरी गोणी दिसली तर कोणी कारण विचारत नाही, आणि मीही पुढे विचार केला नाही. एवढी मोठी खूण डोळ्यांसमोर, आणि सीआयडी शेंगा सोलत बसलेली. सालपटं काढा, दाणे रात्रभर भिजवा, सकाळी चिमटीत धरून दाबा, टुणकन दाणा बाहेर आणि साल बोटांत. एक गोणी फोडली होती, दुसरी तशीच उभी. शेवटी आई वैतागली आणि येईल त्याच्या हातावर पिशवी ठेवू लागली. शेजारच्या अक्कांना दिली, पोस्टमनला दिली, लेस्लीला दिली.

अभ्यासाला मी त्या गाडीत बसायची. शेडमध्ये दुपारी गारवा असे, आणि दोनच सीटं असल्यामुळे कुणी शेजारी येऊन बसत नसे. एका दुपारी कॉस्टिंगचं पुस्तक उघडलं तर सीटला सोगडूचा वास. अगदी ताजा. खाली वाकून बघितलं तर पायाशी एक चेंगरलेली शेंग. अण्णा सकाळपासून कारखान्यात होता. अण्णाशिवाय या सीटवर बसतं कोण? हातात अवऱ्याची पिशवी घेऊन आमच्या घरातून गेलेलं, गाडीत शिरायला न बिचकणारं माणूस माझ्या हिशेबी एकच होतं. लेस्ली त्याच शर्यतीसाठी एका इस्टेटवाल्याच्या मुलाचीही गाडी तयार करत होता, हेही मला ठाऊक होतं. दोन आणि दोन मी चार केले. एरवी आकड्यांत मी कधी चुकत नसे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी स्टिअरिंग फिरवून हात आत घातला आणि टॉर्च लावला. डावीकडची रेघ शाबूत होती. उजवीकडची मोडली होती. वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे. कडं दीड फेरा वर गेलं होतं, मी आटे मोजले.

तेव्हा मी अण्णाला सांगायला हवं होतं. तो समोरच्या खोलीत बूट पॉलिश करत बसला होता, दहा पावलांवर. पण सांगितलं असतं तर त्याचं आणि लेस्लीचं भांडण झालं असतं, उद्याचा दिवस नासला असता. शिवाय खरं सांगायचं तर मला ते सांगायचंच नव्हतं. गुन्हेगाराला कळू न देता त्याचा डाव उलटवायचा, त्यात जी गंमत असते ती मला हवी होती. मी आकडीचा पाना घेतला. वर चढवायला जोर लागला असता, खाली उतरवायला फारसा लागला नाही. दोन्ही हातांनी ओढून मी कडं दीड फेरा खाली आणलं, रेघेचे दोन तुकडे समोरासमोर जुळवले आणि मोडलेल्या जागेवर नेलपॉलिशचा नवा हात दिला. रेघ पुन्हा अखंड झाली. पान्याच्या आकडीलाही थोडा रंग लागला. तो मी तसाच खोक्यात टाकला आणि हात धुवायला गेले. त्या दिवशी जेवताना मी अण्णाकडे बघून दोनदा हसले. त्याला वाटलं, धीर देतेय.

रविवारचं काय सांगू. कोवळं ऊन, धावपट्टीच्या भेगांतून उगवलेलं वाळकं गवत, लांब कुठेतरी टिटवी. रबरी टोप्या मांडून वळणं आखली होती. टायरवाला व्यापारी खुर्चीत बसून संत्रं सोलत होता. आप्पा आले होते, कुणी बोलावलं नव्हतं तरी. हात मागे बांधून, गर्दीपासून थोडे दूर उभे. अण्णाची गाडी सुटली तेव्हा मी लेस्लीच्या तोंडाकडे बघत होते, रस्त्याकडे नाही. त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला पकडायचं होतं. त्यामुळे दुसऱ्या वळणाआधी अण्णाने ब्रेक दाबला आणि पुढचं एक चाक जागीच अडकलं, ते मी पाहिलंच नाही. मी पाहिलं ते लेस्लीचा चेहरा पांढरा पडताना. मान वळवली तेव्हा गाडी गिरकी घेऊन टायरांच्या ढिगाऱ्यात शिरली होती.

अण्णाचं उजवं मनगट मोडलं. गाडीचं नाक फुटलं. व्यापारी येऊन "आरोग्य मुख्य" म्हणाला, आधी तब्येत सांभाळ, आणि दुसऱ्या एका मुलाशी बोलायला निघून गेला.

दोन दिवसांनी लेस्लीने आमच्या शेडमध्ये गाडी उचलली. मागची दोन्ही कडी त्याने ठेवली होती तिथे नव्हती. "गॉड प्रॉमिस, मॅन," तो अण्णाला म्हणाला, "मी हात लावलेला नाही." मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे पुरावा होता, वासाचा, शेंगेचा. तेवढ्यात आप्पा म्हणाले, "मी फिरवलं ते."

अण्णा गळ्यात बांधलेला हात घेऊन उभा होता. "कशाला?"

"गाडी सरळ बसलेली नव्हती. रिकामी असताना सरळ, तू बसलास की उजवीकडं कलायची. तुझ्या वजनाएवढ्या शेंगा सीटवर ठेवल्या, थोड्या पायाशी. मग कांबीची तरफ लावून एकेक चाकावरचं वजन काट्यावर बघितलं. उजवीकडचं पुढचं आणि मागची दोन्ही, तीन कडी फिरवावी लागली. चार दिवस लागले. तू कारखान्यात, सुमी कॉलेजात असताना करत होतो."

मला माझ्या बोटांचा वास येत होता, सकाळीच शेंगा सोलल्या होत्या.

"मला का नाही सांगितलं?" अण्णाने विचारलं.

"तू ऐकलं नसतंस."

"तुम्हाला मी फॅक्टरीतच राहायला पाहिजे होतो. म्हणून केलंत."

आप्पा गाडीपाशी गेले. उजव्या चाकामागे वाकले, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. आत माझी रेघ होती, अखंड, नुकतीच रंगवल्यासारखी चकचकीत. जे कडं त्यांनी स्वतःच्या हाताने दीड फेरा वर घेतलं होतं, त्यावरची. तीन कड्यांतलं एक कुणीतरी परत खाली आणलं होतं, मागची दोन तशीच राहिली होती, म्हणून गाडी धड इकडची ना तिकडची झाली होती. हे सगळं त्यांना तिथे वाकल्या वाकल्या कळलं असणार. ते मग उठले, गुडघ्यावर हात टेकून. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "माझंच मोजण्यात काहीतरी चुकलं असेल."

तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस हे म्हणाला. आणि मी गप्प राहिले. भीती होती, लाज होती, आणि उन्हाळ्यात माझं लग्न ठरायचं होतं. उद्या सांगू असं मी त्या रात्री ठरवलं. त्या उद्याला आता पंचवीसच्या वर वर्षं झाली.

अण्णा कारखान्यातच राहिला. गाडी कुणीतरी सुट्या भागांसाठी नेली. अण्णाने घरात भांडण केलं नाही, आवाज चढवला नाही. त्याने फक्त आप्पांना आप्पा म्हणणं सोडलं. "ते जेवले का?" "त्यांचं औषध आणलंय." पुढे म्हैसूरला बदली मागून घेतली. सणाला यायचा, पाया पडायचा, निघायचा. आप्पांनी पुन्हा कधी त्याच्या कुठल्या वस्तूला हात लावला नाही. एकदा तो स्कूटर घेऊन आला होता, तिचा आरसा ढिला होता. आप्पा आरशाकडे बघत व्हरांड्यात बसून राहिले, पाना मात्र त्यांनी आणला नाही. मी ते पाहिलं आणि आत जाऊन चहा टाकला.

गेल्या महिन्यात आप्पांचं वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर मी त्यांची हत्यारांची पेटी उघडली. प्रत्येक पाना तेलाचा हात दिलेला, प्रत्येकाला आपापला कप्पा. वापरलेलं हत्यार न पुसता ठेवणं आप्पांच्या लेखी पापच होतं. तळाशी एका धुतलेल्या फडक्यात तो आकडीचा पाना निघाला. सगळा स्वच्छ. फक्त आकडीच्या टोकाला लाल नेलपॉलिशचा एक टवका, तेवढाच ठेवलेला. म्हणजे कडं मी फिरवलं हे त्यांना माहीत होतं, आणि चूक माझी हे मला कळलंय हेही त्यांना माहीत होतं. मी पाना मांडीवर घेऊन तिथेच रडले. पण माझा स्वभाव असा, की रडता रडताही मनात आलंच, हा त्यांनी माफी म्हणून जपला की पुरावा म्हणून? मुलाचा राग आपल्याकडे ठेवून मला वाचवलं, की मी कधीतरी आपणहून बोलेन म्हणून वाट बघत राहिले? याचं उत्तर देणारा माणूस आता नाही. रेघ फक्त सांगते म्हणायचे. ही रेघ काय सांगते ते मला अजून वाचता येत नाही.

काल अण्णा आला. मी मुद्दाम मार्केटातून शेंगा आणल्या होत्या, दंवाच्या, वासाच्या. दोघं जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सोलत बसलो. त्याचं उजवं मनगट अजून थोडं वाकडं आहे, शेंग मोडताना तो ती डाव्या हाताने मोडतो. मी उठले, पाना आणून सालपटांच्या ढिगाशेजारी ठेवला आणि सगळं सांगितलं. रेघ, शेंग, लेस्ली, दीड फेरा. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

त्याने पाना उचलला. लाल टवक्यावरून अंगठा फिरवला. "कुठलं कडं?"

"उजवीकडचं पुढचं."

"आणि मागची दोन त्यांनी ठेवली होती तशीच?"

"तशीच. माझा हातच पोचत नव्हता तिथं."

तो मनातल्या मनात काहीतरी जुळवत राहिला. बोटं हवेत किंचित हलली, चार चाकं, चार भार. मग म्हणाला, "म्हणजे त्यांनी बरोबर लावली होती गाडी."

"हो."

मी त्याच्या ओरडण्याची वाट पाहत होते. तो ओरडला नाही. त्याने पाना पुन्हा आप्पांच्या फडक्यात गुंडाळला, लाल डाग न पुसता, आणि आपल्या पिशवीत ठेवला. मग एक शेंग घेतली, डाव्या हाताने मोडली, दाणे परातीत टाकले.

"आप्पा असताना सांगायचं होतंस गं सुमी," तो म्हणाला.